बर्फ वितळेपर्यंतचं घर

कॅनडात राहून जुनं इंग्लिश खेडं बघायला मी क्वेबेकमध्ये गेले, हे सांगितलं की टोरांटोजवळच्या मिसिसागातली आमची माणसं हसतात. क्वेबेक म्हणजे फ्रेंच, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. पण मॉन्ट्रियलच्या पूर्वेला, अमेरिकेच्या सीमेलगत एक डोंगराळ पट्टा आहे. त्याला ईस्टर्न टाउनशिप्स म्हणतात. दोनेक शतकांपूर्वी तिथे इंग्रजी बोलणारी माणसं येऊन राहिली. त्यांनी आपल्या पद्धतीची चर्च, शाळा, गिरण्या आणि पूल बांधले. पुढे त्यांची पतवंडं एकेक करून ओंटारियोकडे निघून गेली आणि इमारती मागे राहिल्या.

वेस्ट हॅदरली हे त्यातलंच एक गाव. ईस्ट हॅदरली कुठे आहे, असं मी तिथे विचारलं. तसं गाव कुठेच नाही आणि कधीच नव्हतं, असं कळलं.

माझा नवरा श्रीधर स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. आमचं लग्न व्हायच्या आधी, नोकरीच्या सुरुवातीला, त्या गावच्या लाकडी पुलाच्या दुरुस्तीसाठी तो एक उन्हाळाभर तिथे राहिला होता. नंतर आयुष्यभर त्याने काँक्रीटचे पूल केले, पण बोलायचा तो त्या लाकडी पुलाबद्दल. आपण एकदा जाऊ, असं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. गेल्या डिसेंबरात श्रीधर वारला. एप्रिलच्या अखेरीस मी गेले. बरोबर त्याची धाकटी बहीण सुमन होती, आणि एका अर्थाने तोही होता.

हे नीट सांगायला हवं. इथे फ्युनरल होममधून अस्थी मिळतात त्या करड्या प्लॅस्टिकच्या डब्यात. डब्यावर नाव छापलेली पट्टी असते. अस्थी घरात आणत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून तो डबा गराजमध्ये, विंटर टायर ठेवतो त्या फळीवर होता. रोज सकाळी मी तिथे जाऊन दिवा लावून थोडा वेळ उभी राहत असे. दिवा म्हणजे भिंतीवरचं बटण.

सुमन पुण्याहून आली ती व्हिसाच्या घोळामुळे थेट मार्चमध्ये. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, मुद्द्याचं बोलणारी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं की परत जाताना ती दादाला घेऊन जाणार. वाईला, कृष्णेत. आई आणि नाना तिथेच गेलेत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बर्नाबीहून मुलाचा फोन आला, त्याला विचारलं, तर म्हणाला, "आई, व्हॉटेव्हर यू आर कम्फर्टेबल विथ." मी कम्फर्टेबल नव्हते. मला डबा द्यायचा नव्हता, आणि तो का द्यायचा नाही याचं सांगण्यासारखं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं. सुमनचं विमान पुढच्या बुधवारी होतं.

निघताना डबा गराजमध्ये एकटा ठेववेना. तो सुमनने आणलेल्या, साडीच्या दुकानाचं नाव छापलेल्या पिवळ्या कापडी पिशवीत घातला, तोंड नाडीने बांधलं आणि पिशवी गाडीत मागे ठेवली.

गुरुवार

हमरस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सुमन शेजारी बसून लसणीची चटणी लावलेल्या दशम्या हातात देत होती आणि माझ्या गाडी चालवण्यावर बोलत होती. मी इतकी हळू जाते की मागच्यांना ही मिरवणूक वाटत असेल, असं तिचं मत पडलं.

ओंटारियो संपलं की पाट्या फ्रेंच होतात. वेस्ट हॅदरलीच्या चौकातली थांबा म्हणणारी पाटीही फ्रेंच. तिच्यामागे चर्चचं आवार आणि आवारातली थडगी, ती मात्र सगळी इंग्रजी. गाव म्हणजे एक वळणाचा रस्ता. पांढऱ्या फळ्यांचा टाउन हॉल, एका खोलीची लाल विटांची शाळा, बंद पडलेलं किराणा दुकान, लहानशा मनोऱ्याचं लाकडी चर्च आणि उताराच्या तळाशी नदीवर पूल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने मेपल. त्यांना पान नव्हतं. पण बऱ्याच खोडांवर कमरेच्या उंचीला पत्र्याच्या बादल्या आकड्यांना अडकवलेल्या होत्या. थंडी सरत आली की मेपलच्या खोडात तोटी ठोकून रस गोळा करतात आणि तो आटवून पाक करतात. यंदाचा हंगाम तेव्हा संपत आला होता.

आम्ही उतरलो ते मार्जरी नावाच्या बाईंकडे. सत्तरीच्या पुढच्या, उंच, पायात नेहमी रबरी बूट. पूर्वीच्या शाळामास्तरांच्या घरात त्या राहतात आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतात. चर्चच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असतात. दर रविवारी किती माणसं येतात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाद्री येतात त्या रविवारी जरा जास्त. पाद्री आणखी चार गावं सांभाळतात.

सामान आत नेलं आणि गाडीपाशी येऊन मी पिशवी उचलली. सुमनने हात आडवा धरला.

"वहिनी, लोकांच्या घरात?"

"मग गाडीत राहू दे."

"डिकीत? जॅकच्या शेजारी? दादा काय सामान आहे?" ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "नानांच्या वेळी पारावरच्या पिंपळाला टांगलेल्या होत्या की नाही? झाडं काय कमी आहेत इथे?"

आपल्याकडे विसर्जनापर्यंत अस्थींचं गाठोडं झाडाला टांगून ठेवतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी ते पाहिलं होतं. त्यामुळे मला ते मुळीच विचित्र वाटलं नाही. दोघींनाही वाटलं नाही, हीच आमची चूक. मार्जरींच्या कुंपणाबाहेरच्या मेपलला बादली होती, पण आत पाहिलं तर कोरडी. सुमनने ती काढून मुळाशी ठेवली आणि आकड्याला पिशवी अडकवली. मग हात जोडले. मीही जोडले. खरंतर तिथे टांगलेली पिशवी छान दिसत होती, उंचावर, वाऱ्यात.

मग आम्ही पूल बघायला उतरलो. त्याला छप्पर आहे, भिंती आहेत. लांबून नदीवर कुणी कोठार बांधल्यासारखं दिसतं. छप्पर माणसांसाठी नसतं, असं श्रीधर सांगायचा. ते तुळयांसाठी असतं. बर्फ आणि पाऊस लागला की लाकूड कुजतं, आणि तुळया बदलण्यापेक्षा छपराच्या फळ्या बदलणं सोपं. प्रवेशावर जुनी पाटी आहे, घोडे चालवत न्या, पळवू नका. आत अंधार आणि ओल्या लाकडाचा वास. जाळीसारख्या एकमेकांवर तिरक्या बसवलेल्या फळ्या, आणि त्यांच्या सांध्यांत खिळ्यांऐवजी लाकडाच्या जाड खुंट्या. श्रीधरने त्या उन्हाळ्यात यातले काही भाग बदलले होते. ते ओळखू येतील, जरा फिकट असतील, असं मला वाटलं होतं. मी दोन्ही बाजू बारकाईने पाहिल्या. सगळं लाकूड सारखंच करडं झालं होतं.

सुमन पुलाच्या मध्यावर उभी राहून फळ्यांमधून खाली पाणी बघत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी तो एक अख्खा उन्हाळा इथे होता? घरी पत्रात लिहायचा की मोठ्या प्रोजेक्टवर आहे."

"त्याच्यासाठी मोठंच असेल."

"नाना सगळ्या आळीत सांगत फिरले होते," असं म्हणून ती हसली. डिसेंबरनंतर मला तिचं हसू पहिल्यांदा ऐकू आलं. गावात जेवायची सोय नसल्याने आम्ही शेजारच्या फ्रेंच गावात जाऊन वाटाण्याचं सूप आणि पाव खाल्ला. परत येताना पाऊस लागला, संधिप्रकाशही सरला होता. गाडीतून उतरून आम्ही धावत घरात शिरलो. झाडाकडे कुणीच पाहिलं नाही.

शुक्रवार

न्याहारीला मार्जरींनी मंद आचेवर शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांवर मेपलचा पाक घालून दिला. सुमनने आधी बोट लावून चाखलं आणि ही तर काकवीच की, असं जाहीर केलं. तिने पुन्हा मागून घेतला. मग आम्ही बाहेर आलो.

झाडावर पिशवी नव्हती. मुळाशी ठेवलेली बादलीही नव्हती. रस्त्याच्या त्या बाजूच्या एकाही झाडावर बादली उरली नव्हती.

सुमन झाडाभोवती फिरली. कुंपणाच्या आत पाहिलं, चरात पाहिलं. चरात वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. तिने ओणवं होऊन त्या पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत. मी तिला उठवलं.

"मी टांगली," ती म्हणाली. "तू गाडीत ठेवत होतीस."

मी तिची भिजलेली बाही पिळली. चार महिने मी त्या डब्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं, आणि एका संध्याकाळी सूप प्यायला गेले.

मार्जरींना सांगणं भाग होतं. त्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. काय हरवलंय, असं त्यांनी विचारलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, मी पब्लिक लायब्ररीत पंचवीस-एक वर्षं काम केलं आहे. पण ते वाक्य जुळवायला मला वेळ लागला. माझा नवरा तुमच्या झाडाला टांगलेला होता, असं काहीतरी मी म्हणाले असणार, कारण मार्जरींच्या हातातली बशी तशीच थांबली. सुमनने पुढे होऊन तिच्या मास्तरणीच्या इंग्रजीत मुद्देसूद सांगितलं. राख. डबा. पिवळी पिशवी. आमची पद्धत.

मार्जरींनी हात पुसले. बादली कुठल्या झाडाची, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, ती झाडं गॉर्डनची. त्याने काल बादल्या उतरवल्या असतील. चला.

वाटेत त्यांनी सांगितलं की गॉर्डन सध्या एकटाच आहे. त्याची बायको ईडिथ जानेवारीत गेली, तिचं दफन उद्या आहे. त्यामुळे तो चर्चमध्येही असू शकेल. आधी तिथे पाहू.

एरवी मी ते चर्च तासभर पाहिलं असतं. बसायच्या बाकांना दारं होती, दारांवर कुटुंबांची नावं रंगवलेली, बहुतेक पुसट. एका बाकावर कुणाची तरी विणायची लोकर राहिली होती. गॉर्डन तिथे नव्हता. मागच्या दाराने थडग्यांमध्ये बाहेर पडलो. आवाराच्या टोकाला, टेकाडाच्या पोटात शिरलेली दगडी खोली होती. छपरावर माती आणि गवत, उत्तरेकडे तोंड, लोखंडी पट्ट्या मारलेलं जाड दार. बटाटे साठवायचं तळघर असेल असं मला वाटलं. सुमनला ती कुणा संताची समाधी वाटली. ती थांबली, तिने डोळे मिटून हात जोडले. काय मागत होती ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं. मार्जरींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागल्या.

गॉर्डनची पाक आटवायची झोपडी गावाबाहेर झाडीत आहे. गंजका पत्रा, छपरातून वाफ जायला फट, आत विटांच्या चुलाण्यावर लांबलचक पसरट काहील. तो बाहेर ओट्यावर गरम पाण्यात बादल्या धूत होता. ठेंगणा, रुंद, कानापर्यंत ओढलेली टोपी. मार्जरींनी आमची ओळख करून दिली आणि पिशवीबद्दल विचारलं. त्याने हातातली बादली नीट उपडी ठेवली.

"तो माझ्या बायकोजवळ आहे," तो म्हणाला.

सुमनने माझं मनगट धरलं. त्याने जे पुढे सांगितलं ते असं. बादली काढायला गेला तर आकड्याला पिशवी. कुणीतरी भाजी विसरलं असेल म्हणून त्याने नाडी सोडली आणि पट्टी वाचली. मार्जरींचं दार ठोठावलं, त्या घरी नव्हत्या. पाऊस सुरू झाला. कुणाला सहन झालं नसेल म्हणून ठेवून गेले असतील, असं त्याला वाटलं. लोक तसं करतात, त्याने ऐकलं होतं. त्याच्या खिशात डेड हाउसची किल्ली होतीच, हिवाळाभर तो रोज संध्याकाळी ईडिथकडे जाऊन येत होता. "माणसाला रात्रभर पावसात ठेवायचं नसतं," तो म्हणाला.

डेड हाउस म्हणजे ती टेकाडातली दगडी खोली. या भागात डिसेंबरपासून जमीन दगडासारखी गोठते. पूर्वी कुदळ चालायची नाही, म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं त्या खोलीत थांबायची. बर्फ वितळलं, जमीन सुटली, की एकेकाला मूठमाती. आता यंत्रं आली, मोठ्या गावांत जानेवारीतही खणतात. वेस्ट हॅदरलीत अजून थांबतात. मी मार्जरींना विचारलं की घरच्यांना ते अवघड जात नाही का, सगळं होऊन गेल्यावर पुन्हा वसंतात तेच. त्यांनी विचार करून सांगितलं की अवघड जातं. पण जानेवारीत कुणाला काही कळत नसतं. मग गॉर्डनकडे पाहून म्हणाल्या, तेव्हा हा पायमोजे एकेक वेगळ्या रंगाचे घालून आला होता. गॉर्डन म्हणाला, तो नेहमीच तसे घालतो, फक्त एरवी कुणी खाली बघत नाही.

त्याने किल्ली काढली. आत्ता उघडून देतो, म्हणाला.

मी म्हटलं, "उद्या उघडणारच आहे ना?"

दहा वाजता, तो म्हणाला.

"मग उद्या."

सुमन माझ्याकडे बघत राहिली. पण परक्यांसमोर ती बोलली नाही. झोपडीच्या मागे सावलीत अजून ढिगारभर बर्फ शिल्लक होतं. गॉर्डनने त्यावर कढत पाक ओतला. तो तिथल्या तिथे घट्ट झाला, आणि काडीला गुंडाळून त्याने आम्हाला दिला. सुमन चुलाण्यापाशी जाऊन उभी राहिली. काहिलीच्या काठावर हात ठेवून तिने मला सांगितलं की भुईंजला मामांच्या गुऱ्हाळात दादा असाच ऊन पाक मागून खायचा आणि जीभ भाजून घ्यायचा, दर वर्षी. हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते गॉर्डनला इंग्रजीत सांगितलं. त्याने मान डोलवली आणि आणखी एक काडी दिली.

दुपारी आम्ही गावाबाहेरचा गोल गोठा पाहिला. खरंच वाटोळा आहे, मधोमध गवताचा मनोरा आणि भोवती गाईंच्या जागा, म्हणजे चारा टाकणाऱ्याला कमी चालावं लागतं. कोपरे नसले की सैतानाला लपायला जागा नाही, असंही कारण सांगतात. सुमन म्हणाली, कोपरे नाहीत तर केरसुणी कुठे ठेवतात. मी भिंतीवरचा माहितीफलक वाचायला लागले, तर ती बाहेर जाऊन बसली. मी बाहेर आल्यावर तिने विचारलंच.

"चार महिने गराजमध्ये धरून बसलीस. मी बहीण असून मला हात लावू देत नव्हतीस. आणि आज एका परक्या बाईशेजारी ठेवून खुशाल गोठे बघतेस?"

"तिथे बरं वाटलं मला."

"काय बरं वाटलं?"

मी विचार करून उत्तर दिलं. लिहिताना ते जितकं सरळ वाटतं तितकं तेव्हा नव्हतं. मी म्हणाले, "तिथे ठेवलेलं माणूस बाहेर येणार हे सगळ्यांना माहीत असतं. आणि तोवर कुणी घाई करत नाही."

तिने बुटाचा चिखल दगडावर घासून काढला. मग म्हणाली, "मी घाई करते?"

"बुधवारचं विमान आहे ना तुझं."

"पुढे ढकलते," ती म्हणाली. "किंवा रिकामी जाते. तू म्हणशील तसं. पण वहिनी, आज सकाळी त्या चरात हात घातला ना, तेव्हा मला कळलं की मी त्याला वाईला नेते म्हणत होते ते काही त्याच्यासाठी नाही. डिसेंबरात मला येता आलं नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं ते फोनवर. हे एवढं एक काम माझ्या हातून व्हावं, बस."

हे तिने आधी सांगितलं असतं तर? असं मनात आलं, पण विचारलं नाही. मीही तिला काय सांगितलं होतं?

शनिवार

सकाळी स्वच्छ ऊन होतं. जवळपासच्या गावांतून माणसं आली होती, तीस-चाळीस असतील, बहुतेक आमच्या वयाची. सगळ्यांच्या पायांत चिखलाचे बूट. काही फ्रेंच शेजारीही होते, ते आपसात फ्रेंच आणि गॉर्डनशी इंग्रजी बोलत होते. पाद्री बाई होत्या. आम्हाला पाहून कुणी चौकशी केली नाही. पिवळ्या पिशवीची गोष्ट सगळ्या गावाला कळली होती, हे उघड होतं.

आम्ही मागे उभ्या राहिलो. मार्जरींनी कुलूप काढलं, दोन माणसांनी मिळून दार ओढलं. आतून गार हवा आली, मातीच्या वासाची. मार्जरी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठ्याने ईडिथचं पूर्ण नाव घेतलं. मग विचारलं, "तिच्यासाठी कोण आलं आहे?"

गॉर्डन पुढे झाला, त्याने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "तिचा नवरा." मग सहा जणांनी शवपेटी बाहेर आणली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी मला हळूच समजावलं की पूर्वी एका हिवाळ्यात आत सात-आठ जण असायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून नाव घ्यायचं आणि माणसाने उत्तर द्यायचं. आता एखादाच असतो, पण विचारतात.

शवपेटी उन्हात आली. आता सगळे कबरीकडे निघतील, आणि नंतर कधीतरी आम्हाला बाजूला बोलावून पिशवी देतील, असं मी धरून चालले होते. पण कुणीच हललं नाही. पेटी उचललेली माणसंही थांबली. मार्जरी परत आत गेल्या, पिवळी पिशवी दोन्ही हातांत घेऊन उंबऱ्यात आल्या आणि त्यांनी श्रीधरचं पूर्ण नाव घेतलं. त्यांनी ते आधी म्हणून पाहिलं असणार. सावकाश आणि बरोबर घेतलं.

"त्याच्यासाठी कोण आलं आहे?"

गर्दी बाजूला झाली आणि मला वाट करून दिली. मी चार पावलं पुढे गेले. सुमन माझ्यामागे जागच्या जागी होती. तिला वाटलं मीच उत्तर देणार, आणि ते खरंही होतं. डिसेंबरात ज्या ज्या जागी हा प्रश्न आला, हॉस्पिटलात, फ्युनरल होममध्ये, तिथे उत्तर मीच दिलं होतं. मी वळले आणि तिला हात केला.

"तू सांग," मी म्हटलं.

"वहिनी, तू आहेस."

"मी आहेच. पण न्यायचं तुला आहे."

ती आली. तिने नाकावरून चष्मा काढला, पुन्हा लावला. एवढ्या माणसांसमोर तिने तिच्या शाळेतल्या आवाजात स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाली, "मी त्याची बहीण. त्याला घरी न्यायला आले आहे."

मार्जरींनी पिशवी तिच्या हातात दिली. सुमनने ती छातीशी धरली, मग खांद्याला लावली, लहान मुलाला धरतात तशी. ती रडत होती. पेटी उचलणाऱ्यांनी पावलं उचलली.

आम्ही मागून गेलो. कबर उतारावर होती, खाली नदी आणि पूल दिसत होता. पाद्रीबाईंनी जे वाचायचं ते वाचलं, फार लांबवलं नाही. पेटी खाली सोडली. गॉर्डनने पहिली मूठ टाकली आणि तो बाजूला झाला. मग एकेक जण पुढे जाऊ लागला. आमचं काम तिथे संपलं होतं, आम्ही ईडिथला कधी पाहिलंही नव्हतं. सुमनचे हात पिशवीत गुंतले होते. माझे रिकामे होते. माझी पाळी आली तेव्हा गॉर्डनने ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि मी वाकून मूठभर माती घेतली. ती गार होती, पण बोटांत सहज मोकळी झाली.

टाकली.

बुधवारी सुमन टोरांटोहून निघाली. डबा तिने सामानात दिला नाही, मांडीवर घेऊन बसली होती, असं तिने पुण्याला पोचल्यावर फोनवर सांगितलं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, माझा भाऊ आहे, पूल बांधायचा.